एका पॅचमंदी एकच काम

भाऊ, थांबा जराशीक. पहिले वाचनाऱ्याइले एक गोष्ट सांगून देतो, मंग तुमच्याशी बोलतो.

वाचनारे हो, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मानूस गेला अन त्याच्यावर कोनी लिहून राह्यलं, म्हनजे आता वाघ येईन असं तुमाले वाटत असन. नाई येत. मोहफूल बी नाई येत, पोलीस-जंगल बी नाई येत. ज्याच्यावर लिहून राह्यलो तो मानूस सावली तालुक्यातल्या आपल्या गावी, घराच्या छपरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कॉम्प्युटरच्या पोटातली एक ओळ खोडत होता. कधी कधी अर्धीच. तेवढंच काम. ज्याले वाघ पायजे त्यानं सफारीचं तिकीट काढावं.

झालं भाऊ. आता तुमी अन मी.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात माईक माह्याच हातात देला. गावात कोनाचं बी लग्न असो, गॅदरिंग असो, मी माईक धरला का लोक हासाच्या तयारीनं बसतात. त्या दिवशी बी समोरच्या लाइनी तशाच बसल्या होत्या, फक्त तोंडं पाडून. मी म्हनलं, यशवंतभाऊनं मले कॉम्प्युटर शिकवला, जयभीम, अन खाली बसलो. लोकाइचा हिरमोडच झाला असन.

मंग तुमचे नागभीडचे मामा माह्या बाजूले येऊन बसले.

"काय रे रेडिओ, यशवंता घरी बसून नेमकं करत काय होता?"

मी सांगतलं. मामा, कॉम्प्युटरच्या आत एक मोठा प्रोग्राम असते, त्याले कर्नल म्हनतात. बाकी सारे प्रोग्राम त्याच्या भरोशावर चालतात. त्याच्यात डिस्कसंगं बोलनारा जो तुकडा असते तो ड्रायव्हर. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहतात. भाऊ पोटापान्यासाठी एका कंपनीचं काम घरून करत होते, अन बाकी टाइमात त्या ड्रायव्हरात साफसफाई करत होते.

"साफसफाई म्हनजे?"

"जे कोनालेच लागत नाई असं जुनं लिहलेलं काढाचं."

"मंग कॉम्प्युटर जोरात पळते?"

"नाई."

"नवीन काई होते?"

"नाई."

"मंग काय होते?"

"काईच नाई होत मामा. पहिले जसं चालत होतं तसंच चालते."

मामानं तुमच्या फोटोकडे पाह्यलं. म्हनले, "एवढा शिकलेला मानूस."

भाऊ, मले तिथीच राग आला. मामाचा नाई, तुमचा. सांगाले सोपं जाईन असं एक तरी काम करून जाचं ना.

तुमची याच्यावरून घरी बी पंचाईत होतीच. वयनी अंगणवाडीतून आल्या का पायरीवर चप्पल काढता काढता विचारत, "खोडली का?" तुमी म्हनत, "हौ, खोडली." वयनी म्हनत, "घरातला एक कोपरा कधी झाडला नाई, अन साता समुद्रापलीकडं झाडू मारून राह्यले दोघं." मी तेच वाक्य त्याइच्याच आवाजात वापस बोलून दाखवलं का त्या मले खराट्यानं मारल्यासारखं करत, अन मंग चहा ठेवत.

मी तुमच्याकडे आलो तो चहासाठीच. डिप्लोमा होऊन घरी बसलो होतो, रेडिओ नाव पडेपर्यंत गावातल्या साऱ्याइची नक्कल करून झाली होती, नवीन मानूस पायजे होता. तुमी घुग्घुसवरून नोकरी सोडून आलते. तिथी कोळशाचे ट्रक मोजाच्या काट्यावर कॉम्प्युटर पाहत होते, अन धुळीनं डिस्कचा जीव जाये अन तुमच्या छातीचा बी. येतांनी तुमी तिथलं भंगारात चाललेलं एक कार्ड मांगून आनलं, डिस्क जोडाचं, जुनं, हिरवं. वयनीले वाटलं काईतरी कामाचं असन. तुमी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं, तेव्हा त्याइले कळलं का हे बी नाई.

त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमंदी होता. कोनीतरी केव्हातरी लिहलेला अन विसरलेला. मी म्हनलं, "भाऊ, हे कार्ड आता जगात कोनी वापरत नाई."

तुमी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला. तुमाले दुसऱ्याचं पटलं नाई का तुमी चष्मा पुसत होते. "एक मानूस वापरते."

"कोन?"

"मी."

मले तेव्हा लय हासू आलं. पन दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो.

तुमची अन बुढ्याची ओळख मीच करून देली असं मी सांगत फिरतो, आता बी सांगतो. कर्नलच्या दर भागाचा एक रखवालदार असते. आपन पाठवलेला बदल, ज्याले पॅच म्हनतात, तो त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जात नाई. डिस्कवाल्या भागाच्या मानसाचं नाव आपल्याले धड बोलता येत नव्हतं, म्हनून आपन त्याले बुढा म्हनत होतो. तुमचा पहिला पॅच त्याच्याकडे गेला, एक बिनकामाची ओळ काढलेला. तुमी दोन दिवस मेल उघडून पाहत होते. उत्तर आलं ते इंग्रजीत एकाच शब्दाचं होतं: व्हाय? तुमचं तोंड पडलं. मी स्क्रीनकडे पाह्यलं, अन आपल्या शाळेचे हेडमास्तर जसे नाकातून बोलत, छडी मांडीवर आपटत, तसं म्हनलं, "काऊन?"

तुमी इतके हासले का खोकल्याची उबळ आली, वयनी पानी घेऊन धावत आल्या. त्या दिवसापासून बुढ्याचा आवाज म्हनजे हेडमास्तरचा आवाज. त्याची दर मेल मी वाचाची अन तुमी डोळे मिटून ऐकाची. "हे काऊन केलं? ओळ काढली हे मले दिसते, मी आंधळा नाई. काऊन काढली ते लिही." तुमी ते ऐकून पुन्हा लिहत, दुसरी फेरी पाठवत. हळूहळू तुमच्या पॅचवर पहिली ओळ नेहमी काऊनचीच राहे. अन शेवटली ओळ बी ठरलेली: नो फंक्शनल चेंज. म्हनजे चालनं जसंच्या तसं.

अन त्याच्याखाली सही. ते बी तुमीच शिकवलं. ज्यानं केलं त्याची सही, मंग ज्याच्या ज्याच्या हातून तो पॅच पुढं गेला त्याची त्याची, एकाखाली एक. सही म्हनजे मोठेपना नाई, तुमी म्हनत. उद्या काई बिघडलं त कोनाच्या दारी जाचं हे समजाले पायजे.

"तुह्या नावाचा एक तरी पाठव बे रेडिओ."

"मी काय पाठवू भाऊ? मी त दुसऱ्याच्याच आवाजात बोलतो."

तुमी चष्मा पुसला. तुमाले काय म्हनाचं होतं ते मी विचारलं बी नाई, हासन्यावारी नेलं.

आपलं भांडन एकच होतं, अन ते संपलं नाई. मी म्हनत होतो, पॅच पाठवतच हाय त एका फेरीत दोन-तीन कामं उरकून घ्या. चंद्रपूरले गेलो त आपन बँकेचं बी करतो, दवाखान्याचं बी करतो, एकाच पेट्रोलमंदी. तुमी म्हनत, एका पॅचमंदी एकच काम.

"काऊन पन?"

"उद्या त्यातलं एक काम चुकीचं निघालं त पूरा पॅच वापस काढा लागन. दुसरं चांगलं असलं त ते बी जाईन."

"चुकीचं निघनच कायले?"

"तू केलं असन म्हनून."

दुसरं भांडन त्याच्याच पोटातलं. मी म्हनत होतो, तुमच्या साफसफाईनं काई दुरुस्त त होत नाई. तुमी मले त्या दिवशी शेतावर नेलं, आठवते? धानाची बांधी भरून होती, अन धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, गवत गुडघाभर. तुमचा भाऊ विळा घेऊन धुरा छाटून राह्यला होता. तुमी त्याले विचारलं, "धुरा छाटला त धान जास्त होते का गा?" तो म्हनला, "धान कायले जास्त होईन? खेकड्यानं भोक पाडलं असन त दिसते. पानी कुठून जाऊन राह्यलं ते दिसते." तुमी माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं, हे तुमी दोघंही घरून पाठ करून आले.

मले तेव्हाच पटलं होतं भाऊ. पन पटलं म्हनून सांगतलं असतं त उद्यापासून आपन बोललो काय असतो?

शेवटचा पॅच त्याच हिरव्या कार्डाच्या ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर सुरू होतांनी एकामांगून एक वस्तू घेते, मेमरी-गिमरी. मंधात काई अडलं त घेतलेलं सारं वापस ठेवा लागते. जुन्या लेखकानं ते वापस ठेवाचं दर ठिकानी नव्यानं लिहलं होतं, त्याच त्याच ओळी. तुमी त्या साऱ्या उचलून खालती एका जागी मांडून राह्यले होते. बुढ्यानं दुसरी फेरी वापस पाठवली. मी त्याच्या आवाजात वाचली: "जे शेवटी घेतलं ते पहिले वापस ठेव. घरात बी असंच असते ना?" तुमी म्हनले, बराबर हाय, करतो. तिसरी फेरी उद्या पाठवतो.

तो उद्या आला अन तुमच्या छातीत दुखाले लागलं. गाडी करून गडचिरोलीले निघालो. वयनी समोर, मी तुमच्यापाशी मांगं. व्याहाडच्या पुढं तुमी म्हनले, "रेडिओ, बुढ्याचा आवाज काढ ना जराशीक."

मी नाई काढला. वयनी समोर बसल्या होत्या, त्या रडून राह्यल्या होत्या, मले ते बरं नाई वाटलं. मी म्हनलं, वापस येतांनी काढतो. वापस येतांनी तुमी ऐकाले नव्हते. त्याच्यावर मी जास्त लिहत नाई.

तुमी गेल्यावर मी पाहत होतो. गडचिरोलीची एसटी तिच्या टाइमानं गेली. रोवन्याले बाया गेल्या. वयनी आठ-दहा दिवसानं अंगणवाडीत जाऊ लागल्या. चालनं जसंच्या तसं. पन तुमच्या जान्याखाली मी ते शेवटचं वाक्य लिहू शकत नाई भाऊ. बुढा विचारन, काऊन?

एक दिवस वयनी म्हनल्या, "त्याइच्या कॉम्प्युटरवर कोनी वाट पाहत असन त सांगून दे बाबू." मी उघडलं. बुढ्याचा मेल होता. "तिसरी फेरी येनार होती. येत नसन त यादीतून काढून टाकतो." त्याच्यात राग नव्हता, तो साऱ्याइलेच असं लिहते.

मी रुमालातून कार्ड काढलं. मशीनमंदी बसवलं. तुमचं अर्धं झालेलं काम पूरं केलं, शेवटी घेतलेलं पहिले वापस ठेवलं. साऱ्या ओळी एका जागी आल्या, गवत छाटल्यासारख्या. अन भाऊ, तिथी भोक दिसलं. एका ठिकानी मेमरी घेत होते अन वापस ठेवाचंच राह्यलं होतं. त्या लिहनाऱ्याच्या काळापासून. त्याच त्याच ओळीच्या गर्दीत कोनाले दिसलं नाई.

मी खुर्चीतून उठून छपरीत दोन चकरा मारल्या. सांगाले कोनी नव्हतं, म्हनजे तुमीच नव्हते.

मंग माह्या डोक्यात नागभीडचे मामा आले. एवढा शिकलेला मानूस. मी म्हनलं, आता दाखवतो. भाऊनं नुसता झाडू नाई मारला, भोक बी शोधलं, बुजवलं बी. मी ती दुरुस्ती त्याच पॅचमंदी घालून देली. तुमच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं. पहिली ओळ काऊनची. तुमचे ते आखूड आखूड वाक्यं. एका ठिकानी इंग्रजीत तुमी नेहमी चुकत होते ती चूक बी घातली. वाचून पाह्यलं त मलेच वाटलं का तुमी मांगं उभे राहून चष्मा पुसून राह्यले. माह्या जिंदगीतली ती सगळ्यात चांगली नक्कल होती.

पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"तिसरी फेरी पाहून बरं वाटलं. पन खालती लिहता का चालनं जसंच्या तसं, अन मंधात त जी मेमरी कधी वापस जात नव्हती ती वापस जाऊन राह्यली. हे दोन कामं झाले. तुमचे पॅच मी कित्येक वर्षांपासून वाचतो. तुमी दोन कामं एका पॅचमंदी कधी घातले नाई. तुमची तब्येत बरी हाय ना?"

भाऊ, गावातले सारे फसतात. मी फोनवर सरपंचाचा आवाज काढला त ग्रामसेवक उभा राहते. अन हा मानूस, ज्यानं तुमाले पाह्यलं नाई, तुमचा आवाज ऐकला नाई, ज्याचं नाव आपल्याले बोलता येत नाई, त्यानं मले एका दिवसात पकडलं. अन पकडलं त चोर म्हनून नाई. तुमची तब्येत विचारली.

मंग माह्या मेलवरून लिहलं. यशवंतभाऊ नाई राह्यले. हे मी पाठवलं. भोक मले दिसलं, ते त्याइच्या नावावर लागावं असं मले वाटलं, कारन लोक म्हनतात त्याइनं काई केलं नाई. काई जोक नाई मारला. माह्या आवाजात लिहाले मले जितका टाइम लागला तितका तुमच्या आवाजात नव्हता लागला.

त्याचं उत्तर आलं तेव्हा वयनी शेंगा निवडत छपरीत बसल्या होत्या. मी म्हनलं, वयनी, बुढ्याचं उत्तर हाय.

"वाच."

मी साधं वाचाले लागलो. वयनीनं हात थांबवला. "तसं नाई. त्याइले वाचून दाखवत होता तसं वाच. गाडीत त्याइनं मांगतलं तेव्हा तू काढला नाई. मले ऐकू आलं होतं."

मंग छडी नव्हती त मी मांडीवर हातच आपटला, अन नाकातून वाचलं, तुमाले ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं:

"ऐकून वाईट वाटलं. त्याच्या घरच्याइले माह्याकडून सांग. आता तुह्यावर बोलतो. जे त्यानं पाह्यलंच नाई त्याच्यावर त्याची सही तू कशी केली? मेलेल्या मानसाले मी काई विचारू शकतो का? उद्या तुही दुरुस्ती चुकीची निघाली त पूरा पॅच वापस काढा लागन, अन त्याचं काम बी जाईन. हे तुले त्यानं सांगतलं नाई, असं मी मानत नाई. त्याच्या कामात तुले कमी काय दिसलं का त्याच्यात भर घालाले गेला? तो साफ करत होता म्हनून मी त्या ड्रायव्हरकडे धड पाहू शकत होतो. तेवढं पुरते. त्याचं काम त्याच्या नावानं राहीन, क्रम तू बदलला तेवढा कंसात लिही, अन हातून पुढं गेलं म्हनून त्याच्या सहीखाली तुही सही कर. भोकाचा पॅच वेगळा. तो तुहा हाय, तो तुह्या नावानं पाठव, अन काऊन ते पहिले लिही. यादीत जागा ठेवली हाय. उशीर करू नको."

वाचून झालं. वयनी हासल्या बी अन डोळे बी पुसले, पदराले शेंगांचे दोरे चिकटले होते. मले वाटलं आता त्या चहा ठेवतीन.

"बराबर बोलला बुढा," त्या म्हनल्या. "त्याइच्या तोंडात आपलं बोलनं घालते होय रे? ते आता नाई म्हनाले वापस येनार हायत का? इतके वर्षं बसला त्याइच्यापाशी, अन सोताचं नाव लिहाची लाज वाटते तुले? रेडिओ नाई लिहाचं तिथी. निखिल लिही. बापाचं बी लिही, आडनाव बी. अन खुर्चीखाली किती कचरा करून ठेवला पाय, तो झाडून घे पहिले. मंग सही कर. मंग चहा."